पिंजऱ्यातली बकरी ओरडेना

वनखात्यात नोकरी केली म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, वाघ किती पाहिले? खरं उत्तर दिलं की त्यांचा चेहरा पडतो. मी वाघांपेक्षा कुत्र्यांचे मालक जास्त सांभाळले. वाघाचं एक बरं असतं, त्याला वाट मोकळी करून दिली की तो मुकाट्यानं निघून जातो. कुत्र्याच्या मालकाला वाट दिली तर तो थांबतो आणि आपल्या कुत्र्याला माणसासारखं सगळं कसं समजतं ते सांगत बसतो.

नोकरीची शेवटची बरीच वर्षं मी नागपूरच्या काठावर वनपाल होतो. काठावर म्हणजे कागदोपत्री जिथे शहर संपतं आणि प्रत्यक्षात जिथे नव्या फ्लॅट स्कीमचे बोर्ड लागलेले असतात, तिथे. माझ्या ताब्यात एक टेकडी होती. तिच्यावर सालईची झाडं, म्हणून सगळे तिला सालईटेकडीच म्हणत. पायथ्याशी एक बोडी, म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, आणि तिची मातीची पाळ. शहराच्या बाजूनं सकाळी फिरायला येणारे चढत, त्यांच्या मागेपुढे त्यांची कुत्री. पलीकडच्या उतारावर गाव होतं, तिकडून बकऱ्या यायच्या आणि सरपणाला बाया यायच्या. आणि वरच्या खडकांत एक बिबट्या राहायचा. तिघांच्या वेळा निरनिराळ्या होत्या. त्या वेळा एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत, एवढंच माझं काम. सांगायला सोपं आहे, म्हणून साहेब लोक ते सांगायचे आणि निघून जायचे.

किरकोळ कामं पुष्कळ असायची. उन्हाळ्याच्या तोंडी लोक माळ्यावरचा कूलर खाली काढत आणि त्यात उदमांजराची पिल्लं निघत. एका बाईंनी मला फोन करून सांगितलं होतं, "कूलरमध्ये वाघाचे बच्चे आहेत, लवकर या, घरात उकडून राहिलं." बाईंना वाघाची भीती नव्हती, उकाड्याची होती. दुसरं काम फाशांचं. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रानडुकरासाठी कोणी तरी क्लचच्या तारेचा फासा लावून ठेवी. तो बेकायदा असतो आणि दिसत तर अजिबात नाही. डुक्कर हुशार, ते बाजूनं जातं. अडकतं ते कोणाचं तरी मोकळं सोडलेलं कुत्रं. मी तार कापायची कातर खिशात घालूनच फिरायचो. तार कापताना कुत्रं मला चावे आणि मालक माझ्यावर ओरडे, जणू फासा मीच लावला होता.

आता पिंजऱ्याविषयी. बिबट्याचा पिंजरा लोक सिनेमात पाहतात तसा नसतो. त्याचे दोन कप्पे असतात. मागच्या कप्प्यात बकरी. तिच्या आणि बिबट्याच्या मधे दुहेरी जाळी, त्यामुळे तिच्या केसालाही धक्का लागत नाही. हे मी आयुष्यभर सांगत आलो आणि एकाही माणसानं त्यावर विश्वास ठेवला नाही. पुढच्या कप्प्यात खाली एक पाटी. बिबट्या तिच्यावर पाय ठेवतो आणि तो आला ते दार त्याच्या पाठीमागे खाली पडतं. पिंजरा पळसाच्या, सागाच्या डहाळ्यांनी झाकायचा, हाताला माती चोळूनच त्याला हात लावायचा. पण हे सगळं नीट केलं तरी काम होतं ते बकरीच्या गळ्यानं. बकरी कळपातलं जनावर. तिला एकटं ठेवलं की ती संध्याकाळी हाका मारायला लागते. ती हाक ऐकून बिबट्या येतो. तिला चारा भरपूर द्यायचा, पाणी द्यायचं, फक्त सोबत द्यायची नाही.

मला पिंजरा आवडत नसे, हे उघडच सांगतो. माझ्या आधीच्या ठिकाणी आम्ही एक बिबट्या धरला होता. उमदं जनावर. सकाळपर्यंत त्यानं गज चावून चावून आपले सुळे मोडून घेतले होते. सुळे मोडलेला बिबट्या परत जंगलात सोडता येत नाही, तो शिकार काय करणार? तो अजून कुठल्या तरी बंदिस्त जागी तयार मटण खात असेल किंवा आता नसेलही. आणि त्याच्या जागी दोन-तीन महिन्यांत दुसरा आला. जागा चांगली असली की रिकामी राहत नाही, हे शहरातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. फक्त जुन्याला माणसांच्या वेळा पाठ असतात आणि नव्याला काहीच ठाऊक नसतं. म्हणून सालईटेकडीवरच्या त्या जुन्या बिबट्याशी माझं बरं होतं. तो मला फारसा दिसला नाही, आणि मी त्याला तेवढ्यासाठी मान देत असे.

फिरायला येणाऱ्यांत सगळ्यात आधी येत ते पराते शेठ. गांधीबागेत त्यांचं साड्यांचं ठोक दुकान. त्यांचे आजोबा उमरेडला हातमागावर बसायचे, शेठ गादीवर बसले, पण बोटं कोष्ट्याचीच राहिली. बोलता बोलता ते माझ्या गणवेशाची बाही चिमटीत धरून चोळायचे आणि म्हणायचे, "हे सरकारी कापड पहिल्याच धुण्यात आटलं असंन, खरं का नाही जी?" ते नेहमीच खरं असायचं.

शेठच्या बरोबर बादशाह. तांबूस रंगाचा, रुंद छातीचा, कानांवरून देशी आणि वागण्यावरून जमीनदार. टेकडीच्या पायथ्याशी आले की शेठ वाकून त्याचा पट्टा सोडत. मी शंभरदा टोकलं असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"बांधूनच फिरवाचं होतं तं घरच्या छतावर फिरवलं असतं ना, बोरकरभाऊ. इथं येऊन बी दोरी? मंग मानसानं आन् कुत्र्यानं मोकळं व्हाचं कुठं?"

यावर सरकारी उत्तर माझ्याकडे होतं, पण माणसाचं उत्तर नव्हतं.

शेठची आणखी एक सवय होती. पहिली पोळी गाईला आणि शेवटची कुत्र्याला, ही आपल्याकडे घरोघरची रीत. शेठच्या घरी शेवटच्या पोळीचा डबा झाला आणि डब्याची मोठी पिशवी झाली. रोज सकाळी पायथ्याच्या तर्री-पोह्याच्या टपरीजवळ ते ती पिशवी रिकामी करत. आजूबाजूची सगळी भटकी कुत्री तिथे जमत, शेपट्या हलवत, आपापसांत भांडत. "शेठ, किती कुत्री गोळा केली!" असं मी म्हटलं तर ते हसून म्हणत, "पुण्य गोळा करून राहिलो जी." त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी असं काही समाधान असे की पुढचं बोलायची माझी इच्छाच होत नसे. ती थंडीतली सकाळ, टपरीवरच्या तर्रीचा वास, धुक्यात कुत्र्यांच्या तोंडची वाफ आणि मधे मफलर गुंडाळलेले शेठ, हे चित्र मला आजही फार आवडतं. त्याच चित्रातून पुढचं सगळं घडलं, तरीही आवडतं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी थंडी कडक होती. शेठ नेहमीप्रमाणे उजाडायच्या आत आले, पट्टा सोडला. बादशाह पुढे धावत बोडीच्या पाळीवर चढला आणि पलीकडे उतरला. शेठ वर पोचले तेव्हा पलीकडे काही नव्हतं. मला टपरीवाल्यानं फोन केला. मी गेलो तेव्हा दवानं भिजलेल्या गवतात काही तरी ओढत नेल्याची वाट सरळ नाल्याकडे गेलेली दिसत होती. मला पुढचं पाहायची गरज नव्हती. शेठ पट्टा हातात धरून पाळीवर उभे होते आणि हाका मारत होते.

"बादशाह, चाल बेटा, घरी जाऊ. चाल नं, दुकान उघडाचं हाय."

मी त्यांना धरून खाली आणलं. गांधीबागेत ज्यांचा शब्द चालायचा तो माणूस माझ्या मोटरसायकलवर मागे बसून लहान मुलासारखा रडला. मी गाडी मुद्दाम हळू चालवली.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. फिरायला येणाऱ्यांचा एक ग्रुप होता, त्याच्या पुढारी जरीपटका वस्तीतल्या भावना मॅडम. त्यांचं कुत्रं पांढरं, कापसाच्या बोळ्याएवढं, अंगात स्वेटर. नाव लड्डू. लड्डूचे पाय टेकडीला कधी लागत नसत, तो मॅडमच्या कडेवर बसून निसर्ग पाहायचा. मॅडम माझ्या ऑफिसात अर्ज घेऊन आल्या. बिबट्या ताबडतोब पकडा. खाली सह्यांची रांग, आणि पहिली सही पराते शेठची.

"आज बादशाह गया, कल मेरा लड्डू जाएगा," मॅडम म्हणाल्या. मी लड्डूकडे पाहिलं. बिबट्याला त्याच्यासाठी टेकडी उतरून यावंसं वाटेल असं मला वाटलं नाही, पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

पकडायची परवानगी सहजासहजी मिळत नाही, पण ओरड मोठी होती, मिळाली. साहेबांनी मला बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. पिंजरा लावा आणि तोपर्यंत टेकडी सगळ्यांना बंद. होळीपर्यंत बिबट्या सापडला तर ठीक. नाही तर टेकडीला चारी बाजूंनी जाळीचं कुंपण घालायचं आणि फाटकाला कुलूप लावायचं, शहराच्या बाजूनंही आणि गावाच्या बाजूनंही. "रोज रोजची कटकट नको," साहेब म्हणाले. त्यांच्या जागी ते बरोबर होते. पण मी निवृत्तीला आलेला माणूस. बिबट्या धरला तर त्याचे सुळे माझ्या डोळ्यांपुढे येत, नाही धरला तर माझ्या हातानं टेकडीला कुलूप. मला त्या दिवसांत जेवण जात नव्हतं.

बकरी मिळाली गावच्या जनाबाई शेंदऱ्यांकडून. जनाबाई म्हणजे पदर खोचलेला, हातात आकडीची काठी आणि जिभेला लगाम नाही. कुंपणाची गोष्ट ऐकून ती भडकली.

"म्हंजे कुत्रं गेलं शेटचं, आन् उपाशी राहाचं माह्या बकऱ्यायनं? मी कुठं नेऊ त्यायले चाराले, गांधीबागेत?"

"म्हणूनच तं मागून राहिलो ना वं माय, एक बकरी," मी म्हटलं. "बिबट्या सापडला तं कुंपण नाही."

तिनं थोडा विचार केला आणि चांदणीला पुढे केलं. कपाळावर पांढरा ठिपका असलेली काळी बकरी. "हिले ने. हिचा गळा असा हाय का गावात कोनाले दुपारी झोपू देत नाही. पन काही झालं हिले, तं मी तुले पिंजऱ्यात घालीन, साहेब गिहेब काही पाहनार नाही."

पहिल्या संध्याकाळी चांदणीनं जनाबाईचा शब्द राखला. नाल्याच्या तोंडाशी पिंजरा, आत ती, आणि तिच्या हाकांनी सगळी टेकडी भरून गेली. खालच्या डांबरी रस्त्यावर सगळी मंडळी आपापल्या कुत्र्यांसह घुटमळत होती, टेकडी बंद म्हणून आता सकाळ-संध्याकाळ तिथेच. त्यांच्यात शेठही होते. सवयीनं आलेले, कुत्र्याशिवाय. चांदणी ओरडली की ते दचकून वर पाहत.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चांदणी गप्प. सकाळी जावं तर ती निवांत बसून रवंथ करतेय. पिंजऱ्याच्या पुढच्या भागात ताजा माग नाही, काही नाही. मी जागा बदलली. पुन्हा तेच. चारा कमी करून पाहिला, ती जास्तच गोल दिसायला लागली. आयुष्यात मी कितीतरी बकऱ्या बांधल्या, पण पिंजऱ्यात वजन वाढलेली ही पहिलीच. साहेबांचा रोज फोन. "बोरकर, काय झालं?" "साहेब, बकरी ओरडत नाही." साहेब फोन ठेवून देत. अशा वाक्यावर साहेबांनी तरी काय बोलावं.

मग एकदा मला जाळीला चिकटलेला पोळीचा तुकडा सापडला. हुंगून पाहिला तर तूप. बाजूला गुळाचा खडा, त्याला मुंग्या. मला वाटलं, जनाबाईचं मन पाघळलं. जाऊन विचारलं, तर ती कमरेवर हात ठेवून हसली. "तूप? माह्या घरी? भाऊ, माह्या घरी तूप असतं तं मीच नसतं का खाल्लं?"

त्या दिवशी ऊन उतरताना मी बोडीच्या पाळीमागे जाऊन बसलो. सूर्य टेकायच्या बेतात होता तेव्हा पळसाच्या झुडपांतून धोतराचा सोगा हातात धरून पराते शेठ आले. काखेत पिशवी. पिंजऱ्याजवळ उकिडवे बसले आणि जाळीतून पोळीचा एकेक घास चांदणीला द्यायला लागले. तिच्याशी बोलत होते. तिनं जाळीला डोकं टेकवलं होतं आणि शेठ दोन बोटांनी तिचं कपाळ खाजवत होते, कापड पाहतात तसं.

माझं डोकं भडकलं. मी उठून समोर गेलो.

"शेठ! तुम्हीच अर्ज देता, पहिली सही तुमची, आन् तुम्हीच हे करून राहिले? इथं बिबट्या फिरते, बंदी आहे, समजते का तुम्हाले?"

शेठ उठले नाहीत. "पकडा ना जी. त्याले पकडा, मी कुठं नाही म्हणतो? पन हिले काहून रडवता?"

"तिनं रडलंच पाहिजे. तिची हाक ऐकूनच तो येते. तुम्ही येऊन बसता, तिचं पोट भरता, तिले सोबत मिळते. मंग ती काहून ओरडंन? आन् ती ओरडली नाही तं तो कसा येईन?"

त्यांनी हातातली पोळी पिशवीत परत ठेवली. चांदणीनं लगेच एक हाक मारली. शेठनं डोळे मिटले.

"बोरकरभाऊ, एक विचारू? खरं सांगसान?"

"विचारा."

"बादशाहनं मले हाक मारली असंन का? मी मागं होतो. कानाले मफलर बांधला होता. मले काहीच आयकू आलं नाही. तो ओरडला असंन आन् मी आयकलंच नाही, असं तं नाही ना झालं?"

इतके दिवस हा माणूस हे पोटात घेऊन दुकानात गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवत होता. मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि जे पाहिलं होतं ते सांगितलं. बिबट्या मानेला धरतो. आवाज निघायला वेळच मिळत नाही. गवतात झटापटीची खूणही नव्हती. "तो ओरडला नाही, शेठ. ओरडता आलंच नसंन त्याले."

शेठनं मान हलवली. "हिचा आवाज मले गादीवर बसल्या बसल्या आयकू येते. कोनी हाक मारून राहिलं आन् आपन जायाचं नाही, हे नाही जमत जी मले. म्हून येतो."

अंधार पडायच्या आत खाली उतरायला हवं होतं. मी उठलो. शेठनं पिशवी उचलली आणि तशीच हातात धरून उभे राहिले.

"हा बिबट्या इतके वर्स वरच राहे ना? मंग खाली काहून आला हो?"

मला ते ठाऊक होतं, पण कुत्रं गमावलेल्या माणसाला ते कोणत्या तोंडानं सांगणार? शेठ खाली टपरीकडे पाहत होते. तिथे त्यांची नेहमीची भटकी कुत्री जमली होती, कोणी तरी काही तरी टाकेल या आशेनं. मग त्यांनी हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"थे कुत्रे," ते म्हणाले. "त्यायच्यासाठी आला. आन् त्यायले मी जमवलं."

मी म्हटलं, "हो शेठ."

याहून कठीण 'हो' मी नोकरीत कोणाला म्हटलं नाही. त्यांनी पिशवीचं तोंड घट्ट बांधलं आणि माझ्या आधी उतरायला लागले. मागून चांदणीचा आवाज येत होता आणि शेठ मागे वळले नाहीत, पण प्रत्येक हाकेला त्यांचा पाय अडखळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनं सगळ्यांना टपरीवर बोलावलं. मलाही निरोप होता. पोह्याच्या प्लेटी सगळ्यांच्या हातात होत्या, शेठच्या हातात नव्हती.

"मी माही सही मांगं घेतली," त्यांनी सरळ सांगितलं. "बिबट्या नाही पकडाचा. तो आपल्या घरी होता, मी त्याले जेवाले बोलावलं. आजपासून इथं पोळ्या बंद. टेकडी पाहिजे असंन तं उजाडल्यावर याचं, सगळ्यायनं मिळून याचं, आन् कुत्रं बांधून आणाचं."

"बांधून?" कोणी तरी म्हणालं. "शेठ, तुम्हीच तं म्हणत होते, मोकळं..."

"म्हणत होतो," शेठ म्हणाले. "मोकळं सोडलं, आन् माहा बादशाह गेला. आता कोनाले काही म्हणाचं असंन तं म्हणा."

भावना मॅडम तेवढ्या पुटपुटल्या की लड्डू तर बांधलेलाच असतो, मग नियम त्याला कशाला. पण पुढे त्याच मॅडम सगळ्यांत कडक निघाल्या. कुठून तरी एक शिट्टी घेऊन आल्या आणि कोणाचा पट्टा सुटला की अशी फुंकायच्या की खडकांतला बिबट्याही दचकत असेल. हवालदारकी अंगात असावी लागते, ती त्यांच्यात होती. लड्डू मात्र कडेवरच राहिला.

मी साहेबांकडे गेलो. शेठचा अर्ज मागे, सगळ्यांनी नियम मान्य केले, भटकी कुत्री पांगायला लागली आहेत, होळीपर्यंत फक्त पाहू द्या. साहेब म्हणाले, "बघू." सरकारी 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा नाही, पण कधी कधी तो खरंच बघण्याचा असतो. होळी आली आणि गेली. पाळीवर बिबट्याचा माग दिसला नाही, वर खडकांत दिसला, जिथे असायला हवा तिथे. कुंपणाचं कोणी पुन्हा बोललं नाही. मी पिंजरा ट्रकवर चढवला आणि डेपोत पाठवून दिला.

चांदणी घरी गेली, पण जनाबाईचं भांडण काही महिने चाललं. "बिघडवली जी माही बकरी तुमच्या शेटनं. पाला टाकला तं माह्याकडं अशी पाहते का जसं काही मी तिची सवत हाय. तुपाची पोळी मांगते!" हे शेठच्या कानावर गेलं तेव्हा बादशाह गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा मोठ्यानं हसताना ऐकलं. त्यांच्या पोळ्या मात्र बंद झाल्या नाहीत, होणं शक्यच नव्हतं. फक्त त्या आता गांधीबागेत दुकानासमोर वाटल्या जाऊ लागल्या. तिथल्या कुत्र्यांचं नशीब उघडलं.

त्याच वर्षी मी निवृत्त झालो. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. टेकडीच्या एका अंगाला आता मोठाल्या इमारती आल्या आहेत, त्यांच्या बाल्कन्यांतून सालईची झाडं दिसतात म्हणून फ्लॅट महाग विकले गेले. नवीन लोक येतात, त्यांना नियम कुठून आले ते माहीत नाही, कुणी पट्टा सोडतं, मग वाद होतात. माझ्यानंतर आलेला वनपाल चांगला आहे, तो भांडतो. मी मधूनमधून जातो. सकाळच्या थंडीत सालईच्या डिंकाचा वास नाकात भरला की गणवेश अंगावर नाही हे विसरायला होतं आणि हात खिशात कातर शोधतो. माझी एवढीच इस्टेट, असं वाटतं. कोणाच्या नावावर नाही आणि माझ्या जिवाला मात्र फार जवळची.

शेठनं दुसरं कुत्रं पाळलं नाही. मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, "आता वय झालं जी. माह्या मांगं त्याले कोन फिरवंन?" पण फिरायला ते येत राहिले. काठी आली, चाल मंदावली, मी त्यांच्या बरोबरीनं हळू चालायचो. मागच्या हिवाळ्यात असेच आम्ही पाळीवर टेकलो होतो. ऊन नुकतंच वर आलेलं. मी सहज वर पाहिलं आणि शेठचा हात धरला.

वरच्या मोठ्या खडकावर तो पसरला होता. ऊन खात होता. मी त्याला ओळखलं, मागचा पाय थोडा बाहेर टाकून पसरायची त्याची ढब होती. म्हातारा झाला होता. खांद्याची हाडं वर आली होती, पोट आत गेलं होतं. त्यानं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. आम्ही त्याच्या ओळखीचेच होतो, इतकी वर्षं एकाच टेकडीवर काढली होती.

"हाच का तो?" शेठनं हळूच विचारलं.

"हाच."

शेठ बघत राहिले. मला वाटलं, आता ते उठतील, किंवा रडतील, किंवा त्याला दोन शिव्या तरी घालतील. बादशाहला खाणारा तो समोर होता, आणि ते त्याच पाळीवर बसले होते जिथे हाका मारत उभे होते. त्यांनी डोळे पुसले, पुन्हा खडकाकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती.

"किती वाळला हो," ते म्हणाले. "याचं जेवन झालं असंन का?"